नाकात चार

बाई,

परवा तुमची पणती माझ्या दवाखान्यात आली होती. वय अडीच वर्षं, उजव्या नाकपुडीत निळा मणी, आणि चेहरा असा की मणी ठेवायची जागा हीच, तुम्हाला काय अडचण आहे. तिला कडेवर घेऊन तुमची लेक आली होती. लेकीचे केस आता पांढरे झालेत, मुलाच्या नोकरीपायी ती वरोऱ्याला राहायला आली आहे. मी चिमट्याला हातच लावला नाही. तिलाच खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, मोकळी नाकपुडी बोटाने दाबा, पोरीचं तोंड तुमच्या तोंडाने झाका आणि एक फुंकर मारा. ती म्हणाली, "मले माहीत हाये म्याडम. आई अशीच फुक मारे." पहिल्या फुंकरीला मणी नाकाच्या दाराशी आला, दुसरीला टण्‌कन टेबलावर पडला. पणतीने तो लगेच परत मागितला, तुमच्याच घरचं रक्त ते. मग चपला घालता घालता तुमच्या लेकीने दारातून मला एक प्रश्न विचारला. साधाच होता. मी उत्तर दिलं, ती गेली, आणि तेव्हापासून ते उत्तर मला सलतंय. प्रश्न काय होता ते सांगते, पण त्याआधी तो एक दिवस सांगायला हवा, कारण तो तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाच पुरता माहीत नाही.

मी आता या भागातली नाकांची म्हातारी झाले आहे. हे बढाई म्हणूनच सांगते, तुमच्यापाशी कसला विनय करायचा. चिमूरपासून लोक लेकरं घेऊन येतात. दुसरे डॉक्टर चिठ्ठीसुद्धा लिहीत नाहीत, नुसतं म्हणतात, त्या बाईकडे जा. बहुतेक वेळा पोराने नीट भोकाड पसरायच्या आत वस्तू बाहेर असते. हल्ली घड्याळातले, खेळण्यातले चपटे सेल येतात. ते नाक आतून जाळतात, त्यांना मी एक मिनिटही थांबू देत नाही, जेवणाच्या ताटावरून उठते. माझ्या हाताखाली शिकणारे डॉक्टर विचारतात, मॅडम, हे फुंकर मारायचं तुम्ही कुठे शिकलात? मी टेबलावरच्या लोखंडी फुकणीकडे बोट दाखवते. त्यांना वाटतं मी थट्टा करते. चूल फुंकायची फुकणी दवाखान्यात कशाला, असं बाकीच्यांनाही वाटतं, पण विचारायची कुणाची छाती होत नाही. माझा दरारा तसा बरा आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा दरारा नव्हता, नुसती ऐट होती. चोवीस वर्षांची, पुण्याची, सरकारी कराराचं एक वर्ष कसंबसं काढून परत जायच्या तयारीतली. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपुरापासून वेगळा झाला होता आणि अर्धी कागदपत्रं अजून जुन्याच नावाने यायची. आपलं केंद्र म्हणजे तीन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे बाळंतपणाची खोली, आणि त्यापलीकडे थेट जंगल. डॉक्टर मी, नर्स तुम्ही. तुम्ही पंचेचाळिशीच्या, सिंदेवाहीजवळच्या खेड्यातल्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून दिवसभर चालणाऱ्या. तुमच्या क्वार्टरमध्ये बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या खाली तुमचं नर्सिंगचं सर्टिफिकेट, तेही फ्रेम करून. तुम्ही मला सकाळी "जयभीम म्याडम" म्हणायचात आणि मी "गुड मॉर्निंग सिस्टर" म्हणायची. तुमचं बोलणं मी मनातल्या मनात दुरुस्त करत असे. घरी पाठवलेल्या एका पत्रात मी लिहिलं होतं की इकडच्या लोकांना एकवचन-अनेकवचनाचं काही सोयरसुतक नाही, 'आहे' नि 'आहेत' सगळं एकच. ते पत्र वडिलांनी शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. सगळे खूप हसले.

तर तो दिवस. उन्हाळ्यातली सकाळ आहे. मागच्या खोलीत बाळंतपण चाललंय आणि तुम्ही तिथे अडकल्या आहात. जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीवरची, एक गोंड बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन येते. तिला मराठी जेमतेम येते. ती सरळ तुमच्या दाराशी जाते, गोंडीत काहीतरी सांगते, आणि तुम्ही आतूनच मला ओरडून सांगता, "म्याडम, पोरीच्या नाकात चार हाये! तुमी पाहा, मी आलीच!" व्हरांड्यात वीसेक माणसं बसलेली असतात, ती सगळी ऐकतात. मीही ऐकते. मी मुलीला चादरीत गुंडाळते, आईच्या मांडीवर बसवते, बॅटरीचा उजेड पाडते. डाव्या नाकपुडीत काळपट गोल काहीतरी दिसतं. गोल वस्तूला चिमटा लावू नये, तो घसरतो आणि वस्तू आत जाते, हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. पण नशीब जोरावर होतं. तिसऱ्या खेपेला ते बाहेर आलं. वाटाण्याएवढं, काळं-जांभळं, चिकट, कसलंसं रानफळ. मी ते ट्रेमध्ये टाकलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "एक!"

मग मी उरलेले तीन शोधायला लागले. डावीकडे काही दिसेना, म्हणून उजवीकडे गेले. दोन इकडे नि दोन तिकडे असतील, असा माझा हिशेब होता. तिथेही काही दिसेना, तेव्हा मी ठरवलं की खूप आत गेलेत. मुलगी आधी रडत होती, मग किंचाळायला लागली, मग तिचा आवाजच बसला. आई माझं मनगट धरून ट्रेकडे बोट दाखवत होती आणि म्हणत होती, "चार. चार." आणि मी तिला काय म्हटलं ते सांगते. तुम्ही तेव्हा आलेल्या नव्हतात, म्हणून तुम्हाला हे ठाऊक नसेल. मी म्हटलं, "हो हो, चार. काढते ना चारही." दहा मिनिटं मी त्या लेकराच्या नाकात नसलेली वस्तू शोधत होते. रक्त आलं, आईच्या लुगड्यावर पडलं. कामाने नाकी नऊ येतात हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या नाकी चारातच आले.

तुम्ही ओल्या हातांनी आत आलात. ट्रेमध्ये पाहिलंत. "निघाला ना चार?"

"एक निघाला. तीन राहिलेत."

तुमचा चेहरा मी विसरलेली नाही. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "म्याडम, हात बाजूले घ्या," आणि मुलीला उचललंत, तिला पुढे वाकवून नाक चिमटीत धरलंत, थंड पाण्याचं फडकं लावलंत. रक्त थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलंत. मग खालच्या आवाजात मला सांगितलंत, "चार म्हनजे फळ हाये ते. ज्याच्या बीतून चारोळी निघते ना, ते. एकच होता. मी 'चार हाये' म्हनली. चार नग असते तं 'हायेत' नसती म्हनली?"

चारोळी मी श्रीखंडावर पाहिली होती. ती कुठल्या झाडावर, कसल्या फळात असते, याची चौकशी करावी असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि 'हाये'चा घोटाळा तर सगळा माझाच होता. तुम्ही एकवचन बोललात आणि मी ते तुमचं अशुद्ध म्हणून सोडून दिलं. पण त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला आजही नीट पेलत नाही. ती आई मुलीला छातीशी धरून व्हरांड्यात गेली होती, रडत रडत सगळ्यांना रक्ताचा डाग दाखवत होती. आणि तुम्ही तिच्यामागे गेलात आणि सगळ्यांसमोर, आधी गोंडीत आणि मग मराठीत, मोठ्याने म्हणालात, "गलती माही हाये. डॉक्टरीनबाईची नाई. मीच घाईघाईत चार दाने हायेत म्हनून सांगतलं. त्याईनं माह्या बोलन्यावर शोधले." मी दारात उभी होते. तोंड उघडून 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. मी ट्रे धुवायला आत गेले.

संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बोलावलंत. मला वाटलं, आता समजूत घालतील. चुलीपुढे पाट दिलात आणि भाकरी थापता थापता मला सोलून काढलंत. "समजलं नाई तं इचारा. इचारल्यानं डॉक्टरकी कमी होत नाई. ते पोरगी एका चारासाठी नाई रडली म्याडम, नसलेल्या तीन चारांसाठी रडली." मी विचारलं, मग तुम्ही आळ स्वतःवर का घेतलात? तुम्ही भाकरी उलटवलीत आणि म्हणालात, "मी इथलीच हावो. माह्यावर हसतीन अन् उद्या येतीन. तुमच्यावर भरोसा गेला तं कोनी लेकरू आननार नाई. घरीच नाकात तेल घालतीन, दाना फुगन, नाई तं मागून श्वासात जाईन. मंग काय करसान?" हा सरळ हिशेब होता आणि तो बरोबर होता. तरी मला लाज वाटली, आणि लाज लपवायला मी म्हटलं की गोल वस्तूला मग दुसरं काय करायचं असतं ते तरी सांगा. तुम्ही खूश झालात. मी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

तुम्ही चुलीपुढची फुकणी उचललीत, तिच्या एका टोकाला लाखोळीचा दाणा बसवलात, दुसऱ्या टोकाने फुंकलंत. दाणा थेट भिंतीवर. "घराले दोन दारं असतात," तुम्ही म्हणालात, "एक लावून घ्या अन् मागून वारं सोडा. वारं जाईन कुठी?" तुमच्या मायने तुमच्या भावाच्या नाकातला हरभरा असाच काढला होता, त्यात विशेष काही आहे असं तुम्हाला वाटतच नव्हतं. फुंकर आईनेच मारायची, म्हणजे लेकरू घाबरत नाही. मुका घेते म्हणायचं आणि गाल भरून एकदम फुंकायचं. आणि सगळ्यात आधी आईला विचारायचं, सकाळपासून हातात काय काम होतं? माघ-फाल्गुनात लाखोळी, चैत्र-वैशाखात चार, जेठात मोहाची बी, शाळा उघडली की खोडरबराचा तुकडा, दिवाळीच्या सुमाराला धान. नाकावरून महिना सांगता येतो, असं तुम्ही म्हणायचात, आणि पुढे मी तो खरंच सांगायला लागले. ही सगळी विद्या एका भाकरीच्या वेळात झाली. त्या रात्रीच्या भाकरीइतकी करपलेली भाकरी तुम्ही पुन्हा कधी केली नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. तुम्ही म्हणत होतात ते थोडं खरं आणि थोडं खोटं ठरलं. गावातले लोक यायचे, हसायचे, पण त्या टोल्यावरून कुणी येईना. तुम्ही मला एके दिवशी पहाटे चार वेचायला नेलंत. सांगताना म्हणालात, "तिले तोंड दाखवा. बोलू नका." टोल्यावरच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या होत्या, त्यांत ती आई होती, पाठीशी ती मुलगी. मी दिवसभर वेचत राहिले. माझ्या टोपलीत तळाला कसंबसं फळ, त्यांच्या टोपल्या शीग लावून भरलेल्या. माझी बोटं जांभळी झाली, कंबर मोडली. ती आई माझ्याकडे बघत नव्हती. मुलगी मात्र बघत होती, आणि मी बघितलं की दोन्ही हातांनी नाक झाकून घ्यायची. एवढ्याशा पोरीने माझं पुरतं नाक कापलं होतं.

पण पोरंच ती. पंधरवडाही झाला नसेल, ती आई व्हरांड्याच्या पायऱ्या चढून वर आली. कडेवर तीच मुलगी. तुम्ही टेबलाशी गोळ्या मोजत होतात, तरी ती तुमच्याकडे वळली नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मुलीच्या नाकाकडे बोट दाखवलं, मग तेच बोट माझ्या डोळ्यांसमोर उभं धरलं आणि तुटक मराठीत, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "चार हाये. एक."

सगळा व्हरांडा हसत सुटला. मीही हसले, पण चिमट्याकडे गेलेला हात मागे घेतला, कारण हे लेकरू आज पुन्हा रक्ताळलं असतं तर त्या टोल्यावरून पुन्हा कुणी आलं नसतं, आणि त्यांचं बरोबरच असतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गोळ्या मोजत राहिलात. मदतीला येणार नाही हे सांगायची ती तुमची तऱ्हा. मग मी चिमटा कपाटात ठेवून कडी लावली, मुलीला दाखवून. खाली जमिनीवर बसले. आईला खुणेने सांगितलं: हे बोट इथे, तोंडावर तोंड, आणि फू. तिने मुलीचा मुका घेतला. पहिली फुंकर वाया गेली, दुसरी गालातून निसटली. तिसरी अशी बसली की तो चार गोळीसारखा सुटला आणि माझ्या चष्म्याच्या काचेवर चिकटून राहिला. मुलगी रडायचं विसरली. तिने हात पुढे करून तो काचेवरून काढला आणि खाल्ला.

त्या हसण्याच्या गदारोळात ती आई तुमच्याकडे वळली, चार बोटं वर केली आणि म्हणाली, "चारबाई!" एकाला चार मोजणारी बाई. पुढे तेच तुमचं नाव झालं. टोल्यांवर, बाजारात, बसच्या थांब्यावर, "चारबाई आली वो" म्हणत पोरं तुमच्यामागे धावायची आणि तुम्ही वळून त्यांच्या नाकाकडे बघायचात. माझा करार संपला, मी आणखी एक वर्ष मागून घेतलं, मग आणखी एक, आणि शेवटी पुण्याला गेलेच नाही. पुढे ते केंद्र सोडून मी निघाले तेव्हा तुम्ही मला ती फुकणी दिलीत. त्या सगळ्या वर्षांत तुम्हाला कुणी चारबाई म्हटलं की तुम्ही "ओ" द्यायचात आणि माझ्याकडे चुकूनही बघायचा नाहीत. मला वाटतं, मी कधीतरी स्वतःहून बोलेन म्हणून तुम्ही वाट पाहत असाल. किंवा पाहतही नसाल, तुमच्या लेखी तो विषय भाकरीबरोबरच संपला असेल. मी विचारलं नाही. विचारल्याने डॉक्टरकी कमी होत नाही हे मी माझ्या विद्यार्थ्यांना रोज सांगते.

ही गोष्टही मी त्यांना सांगते, बरं का, दरवर्षी नव्या तुकडीला. चांगली रंगवते. चष्म्यावरचा चार ऐकून वर्ग लोळतो. नसलेले तीन चार शोधण्याचा भागही सांगते, पण माझ्या गोष्टीत ते शोधणारा डॉक्टर दुसराच कुणी असतो. माझ्या आधी बदलून गेलेला, नाव न आठवणारा.

तर परवाचा प्रश्न. तुमची लेक चपला घालत म्हणाली, "म्याडम, तुमी आईसोबत होत्या म्हनून इचारतो. आईले सारे चारबाई काऊन म्हनत? तिले मी किती डाव इचारलं, ते नुसती हासे." चाळीस वर्षांनी तुम्ही मला पुन्हा दारात आणून उभं केलंत आणि व्हरांड्यात यावेळी एकच माणूस होतं. मी म्हटलं, "अगं, त्यांना चार फार आवडायचे ना, म्हणून." लेकीने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "असन," ती म्हणाली. "पन आई तं चार खातच नोहती. घसा धरे तिचा." एवढं बोलून, मला नमस्कार करून ती गेली. चिडली नव्हती. तुमच्यासारखीच, उत्तराला वेळ देऊन गेली.

तिचा फोन नंबर पणतीच्या केसपेपरवर आहे आणि तो कागद माझ्यासमोर आहे. फोन उचलून एक वाक्य बोलायचं आहे. दोन दिवसांत मी सतरा नाकं, नऊ कान तपासले, एक सेल काढला, तेवढं वाक्य काढलं नाही. त्याऐवजी हे एवढं लांबलचक पत्र लिहिलं, जे आता तुम्ही नसताना कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही, आणि आता ते गुंडाळून तुमच्या फुकणीत घालून ठेवणार आहे. आत बरोबर बसेल, मी मापून पाहिलं. तुमच्या लेकीला जे सांगायचं ते इथे निदान तुमच्यापाशी लिहून ठेवते. तुम्ही म्हणाला होतात 'हाये', बाई. मला ते नीट ऐकू आलं होतं. चारबाई मी आहे.